मोटरसाठी थांबणं

बोईसरच्या कारखान्यात मी नवीन लागलो तेव्हा बाबा तिथेच कॉम्प्युटर चालवत. दातिवऱ्याला मासेमारीच्या बोटीवर वाढलेला माणूस. मशीन सुरू केलं की डिस्कच्या मोटरची घरघर एकसारखी होईपर्यंत कुणाला बटणाला हात लावू देत नसत. "थांब जरा, इंजिन तापू दे. बोट काय लगेच निघते? नाय ना!" असं म्हणत थर्मासच्या झाकणात मला चहा ओतत. मी मनातून चिडायचो.

आता कारखाना नाही, बाबाही नाहीत. पालघरच्या घरात बसून मी आणि आणखी काही हौशी लोक कारखान्यातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. परवा नवी आवृत्ती आली आणि नकलेतलं मशीन सुरूच होईना. शोधलं, तर आमच्यातल्या एका दीडशहाण्याने मोटरसाठी थांबण्याची कोडमधली ओळच उडवलेली. म्हणे, मोटर आहे कुठे आता? अरे, पण त्या जुन्या प्रोग्रामला कुणी सांगितलंय? डिस्क वेळेआधी तयार झाली की तो गांगरतो!

ओळ परत घातली. पडदा थोडा वेळ काळाच राहिला, मग हिरवी अक्षरं उमटली. तोवर माझा हात चहासाठी पुढे झालेला होता.