मायला कळलेली गाडी

थोरला भाऊ वर्षभरासाठी परदेशी निघाला आणि जाताना आपली हायब्रीड गाडी पिंपळगावला माझ्या अंगणात लावून गेला. अशा गाड्या तेव्हा नवीनच निघाल्या होत्या. पेट्रोलवरही चालायची, बॅटरीवरही. मला तिचा रागच यायचा. फाट्यावर थांबलो की इंजिन गप्प. बंद पडली समजून मी पुन्हा किल्ली फिरवायचो. ब्रेकवर पाय ठेवला की बारीक गुणगुण सुरू व्हायची आणि गाडी थांबता थांबता कुणी कासरा ओढावा तशी आखडायची. जुन्या जालन्यातल्या मिस्त्रीनं बॉनेटला कान लावला आणि म्हणाला, "बिलकुल बराबर हाय. इंजिन बंद हाय ना, म्हणून तुम्हाला बाकीचं ऐकू येऊन राह्यलं."

एवढ्यावर मी गाडी झाकून ठेवली असती, पण प्रश्न मायचा होता. आमच्याकडे उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची रीत. तेवढंच डिझेल वाचतं. वडिलांची जीप अर्धं आयुष्य अशीच चालली. ऐंशीच्या दशकात एकदा ओढ्याच्या उतारावर त्यांनी इंजिन बंद केलं, ब्रेक लागलाच नाही आणि जीप मायसकट ज्वारीत शिरली. खरचटलंही नाही कुणाला. पण त्यानंतर माय गाडीत बसली नाही ती नाहीच, एसटीतही नाही. वडीगोद्रीची मावशी, तिची थोरली बहीण, तीच दरसाल भेटायला यायची. आता मावशीचे गुडघे गेले होते. "एकदा अक्काला पाह्यचंय," माय म्हणायची, आणि मी गाडीकडे बोट केलं की तोंड फिरवायची. मायचं वय पाहता मला आतून भीती वाटायची, की या दोघींची भेट राहून जाईल.

मग मी हट्टानं पहाटे गाडी घेऊन निघू लागलो. कपाशीवर धुकं असायचं. ओढ्याच्या उतारावर इंजिन आपणहून मिटायचं आणि सगळा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. चाकाखालची खडी, तित्तराची हाक, माझाच श्वास. गाडी मी चालवतोय की झोपेत तरंगतोय, कळायचं नाही. भावानं फोनवर समजावलं, ती गुणगुण म्हणजे मोटर चाकांचा वेग खाऊन बॅटरी भरते. खरे ब्रेक शेवटी पकडतात. मी पाय हलका ठेवायला शिकलो. आखडणं गेलं. कधी राग गेला, तेही समजलं नाही.

गाडी जागची हलवणार नाही असं कबूल करून मायला आधी अंगणातच गाडीत बसवलं. एकेक आवाज ऐकवला. "आता गप होईल," मी म्हणायचो, आणि इंजिन गप व्हायचं. "आता बॅटरी भरायला उठेल," म्हणालो की जरा वेळानं ते आपोआप घुरघुरायचं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलेलं असायचं. चार सकाळी असं झालं. पाचव्या दिवशी ती नवं लुगडं नेसून स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसली.

ओढ्याचा उतार आला तशी मी सांगायला तोंड उघडलं. "माहीत हाय," ती म्हणाली. "तू समोर पाह्य." इंजिन मिटलं, गुणगुण सुरू झाली. आरशात पाहिलं तर तिचे डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. ब्रेक अलगद लागला. तिनं श्वास सोडला, तो मला पुढं ऐकू आला. भोकरदन गेलं, जालना गेलं. अंबडच्या पुढं ऊन सीटवर उतरलं आणि मायची मान कलली. गाडीत झोपलेली माय मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. डोळे भरून आले, त्यामुळे वेग कमी करावा लागला.

मावशी अंगणात रस्त्याकडे पाठ करून शेंगा निवडत होती. गाडी तिच्या मागे जाऊन थांबली तरी तिला पत्ता नाही. मी हाक मारली तेव्हा ती काठी टेकत आली, काचेतून पाहत राहिली. "उठवू नको," म्हणाली. मी दुसरं दार उघडलं. कशीबशी आत बसून तिनं मायचा हात मांडीवर घेतला. एसी चालू होता. जरा वेळानं इंजिन आपोआप घुरघुरलं. मावशी दचकून दाराकडे सरकली.

मायनं डोळे उघडले नाहीत. हात तेवढा घट्ट धरला.

"भिऊ नको अक्का," ती म्हणाली. "बॅटरी भरून राह्यली."