पापुद्रा जागेवर बसला

डॉ. गिरिजा कोडोलकर यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच दुकानात झाली, आणि खरं सांगायचं तर मला ती फारशी गोड वाटली नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. चष्म्याचा नंबर लेसरने घालवणारं यंत्र कोल्हापुरात आलंय ही बातमी पेठेत पसरली होती, आणि ते यंत्र चालवणाऱ्या बाईच समोर उभ्या होत्या. आम्ही पिढीजात चष्मेवाले. पोटावर पाय द्यायला आलेल्या माणसाला 'या, बसा' तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? मॅडमनी नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "काडी सैल झालीय, अण्णा. जरा आवळून द्या."

काडी आवळली, पण जीभ काही आवरली नाही. "मॅडम, जगाचे चष्मे घालवताय, मग हा कशाला ठेवलाय?"

"माझं बुबुळ पातळ आहे हो. माझ्यासारखी बाई पेशंट म्हणून आली असती, तर मीच तिला परत पाठवलं असतं."

त्या मोकळं हसल्या, आणि माझा राग तिथेच विरघळला. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शास्त्रातलं मोठं काम मोठी माणसं सांगतील. मी सांगणार आहे ते माझ्या घरचं.

त्याआधी त्यांच्या 'नाही'विषयी बोललं पाहिजे. नंबर घालवायला रोज रांग लागे. कुणाला भरतीला जायचं असे, कुणाचं लग्न चष्म्यापायी अडलेलं असे. मॅडम तासन्‌तास तपासण्या करत आणि जरा शंका आली की सरळ नकार देत. बिद्रीकडचा एक गडी एकदा दवाखाना डोक्यावर घेऊन ओरडत होता, "दोन एसट्या बदलून आलोय, आन तुमी न्हाय म्हंताय? मग मशीन काय पूजंला ठेवलंय व्हय?" मॅडमचा आवाज चढला नाही. "पावणं, मशीन माझं आहे, पण डोळा तुमचा आहे. उद्या वाकडं झालं तर मशीन दुसरं आणता येईल." मग जेवणाची वेळ टळली म्हणून त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि आपल्या डब्यातली भाकरी अर्धी करून दिली. तो संध्याकाळी माझ्या दुकानातून चष्मा घेऊन गेला. मॅडमना शिव्या देतच गेला, ते सोडा.

भाकरीवरून आठवलं. शस्त्रक्रिया समजावून सांगायची त्यांची पद्धत मला फार आवडते. "भाकरीचा पापुद्रा कसा सुटतो? तसा बुबुळाच्या काचेचा पापुद्रा उचलायचा, आत लेसर मारायचा आणि पापुद्रा पुन्हा होता तिथे ठेवायचा. टाका नाही, काही नाही. म्हणूनच तो जपायचा." टाका नसतो, हे वाक्य त्या दोनदा सांगत. ऐकणाऱ्याला त्याचं कौतुक वाटे. त्यातला इशारा किती मोठा आहे हे आम्हाला वनिताच्या हळदीला कळलं.

वनिता माझी थोरली लेक. चष्मेवाल्याची पोर, आणि तिला चष्म्याचा तिटकारा! इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांच्या घरी सोयरीक जुळल्यावर तिने हट्टच धरला. मॅडमनी सगळ्या तपासण्या करून, लग्नाला पुरेसा अवधी ठेवून दोन्ही डोळे केले. नजर लख्ख झाली. रंकाळ्याच्या या काठावरून पल्याडच्या पाट्या वाचून दाखवायची बया, आणि मी कपाळाला हात लावायचो.

हळदीच्या सकाळी माझी बहीण, आक्का, अंगात आल्यासारखी हळद फासत होती. वनिताने मान फिरवली आणि आक्काच्या अंगठ्याचं नख उजव्या डोळ्यात गेलं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. हळद झोंबतेय म्हणून आक्काने मायेने पदर ओला केला आणि डोळा खसाखसा पुसला. दोन मिनिटांत पोर म्हणाली, "अण्णा, या डोळ्यानं सगळं वाफेतनं दिसल्यागत दिसतंय." आक्का रडायला लागली, "मी काय मुद्दाम केलो व्हय रं?"

हळदीने माखलेल्या नवरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सुटीचा दिवस होता, तरी निरोप मिळताच मॅडम आल्या. यंत्रातून त्यांनी डोळा कडेकडेने तपासला. मग माझ्याकडे वळून स्पष्ट म्हणाल्या, "पापुद्रा सरकलाय, कडेला दुमडलाय. आत हळद गेलीय. आत्ताच उचलून धुवायला हवा. जंतू धरले तर ही नजर परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

मी बाकावर बसलो. आयुष्यभर लोकांना चार ओळी वाचायला लावणारा मी, समोरच्या भिंतीवरची पाटीसुद्धा मला वाचता येईना. आत मॅडम पापुद्रा उचलून हळदीचा कण न्‌ कण धूत होत्या, सुरकुत्या सारख्या करत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "बसलाय. वर पट्टीसारखी लेन्स ठेवलीय. पण धाकधूक आहेच. आणि अण्णा, व्याह्यांना आजच सांगायचं."

मी म्हणालो, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. मॅडमनी सरळ फोन ओढला आणि इचलकरंजीला स्वतः बोलल्या. "शस्त्रक्रिया मी केलेली आहे. डोळ्याची जबाबदारी माझी. मुलीचा यात काही दोष नाही." पलीकडून विहीणबाईंचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "डॉक्टरीणबाई, डोळा ऱ्हाईल न्हवं? मग बास की! आमच्या मागावरचा धोटा उडून किती जणांचं डोळं गेल्यात. आमाला डोळ्याची किंमत ठावं हाय. लगीन उद्याच करूया, तुमी फकस्त पोरीजवळ ऱ्हावा."

आणि मॅडम राहिल्या. आमच्याकडे अक्षता म्हणजे रंगवलेले जोंधळे, आणि पाहुणे ते वैर असल्यासारखे लांबून नेम धरून मारतात. 'अक्षता पायावर टाका' असं माइकवरून सांगून घसा बसला, पण ऐकतो कोण? शेवटी मॅडमनी आचाऱ्याकडून स्टीलचं ताट मागून घेतलं आणि ते नवरीच्या तोंडापुढे धरून मंगलाष्टकं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. ताटावर जोंधळे ताडताड वाजत होते. गॉगल घातलेली नवरी आणि ताट धरलेल्या नेत्रतज्ज्ञ, असा फोटो असलेला आल्बम अख्ख्या जिल्ह्यात आमचाच असेल.

संकट मात्र तिथे संपलं नाही. महिनाभराने पापुद्र्याखाली कडेने डोळ्याच्या वरच्या थरातल्या पेशी शिरताना दिसल्या; त्या आत वाढल्या तर नजर पुन्हा अंधुक होणार होती. मॅडमनी आमच्यादेखत त्यांच्या गुरूंना फोन लावला. "सर, मला पुरती खात्री नाही, म्हणून विचारते." एवढ्या नावाजलेल्या डॉक्टरांनी पेशंटसमोर असं म्हणावं! मी घाबरायला हवं होतं, पण उलट माझ्या जिवाला केवढा आधार वाटला. पापुद्रा पुन्हा उचलला, पेशी खरवडून काढल्या, आणि मग वाट पाहणं सुरू झालं. दर फेरीला विहीणबाई स्वतः सुनेला घेऊन येत.

शेवटच्या तपासणीला वनिता डावा डोळा झाकून वाचू लागली. वरच्या ओळी सरल्या. सगळ्यात खालच्या ओळीशी ती थांबली. मग तिने एकेक अक्षर न अडखळता वाचलं. विहीणबाई म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचं!" मॅडम स्टुलावर बसल्या, आपला चष्मा काढला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. मग म्हणाल्या, "अण्णा, हळदीच्या दिवसापासून मला धड झोप नाही. आज झोपेन."

तेव्हा कळलं, इतके दिवस आमच्या घरी वनिताची आई रात्र रात्र जागत होती, तशाच तिकडे मॅडमही जागत होत्या.

मॅडम, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, हे सगळेच म्हणतील आणि मीही मनापासून म्हणतो. पण माझं मागणं त्याहून थोडं जास्त आहे. इथून पुढच्या प्रत्येक रात्री आपल्याला गाढ, निवांत झोप लागो. आपल्यामुळे आमच्या घराला ती केव्हाच लागली आहे.