फार स्वच्छ आलेला आंबा

तळेऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका प्रयोगशाळेत मी आंब्यातले कीटकनाशकांचे अंश तपासते. अहवालावर सही माझी असते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका बागायतदाराचा नमुना पूर्ण स्वच्छ आला आणि ते मला पटेना.

हा बागायतदार कट्ट्याचा, माझ्या आत्येचा शेजारी. मार्चमध्ये आत्येकडे गेले होते तेव्हा त्याच्या बागेत फवारणीचा पंप चालताना मी पाहिला होता. औषधाचा वास तिच्या पडवीपर्यंत येत होता. आणि आता कागदावर पुसटसा अंशही नाही.

मशीन चालवायचे माझे सहकारी. फोंडाघाटचे, हाताने कसबी, बोलायला कमी. त्यांची बहीण कट्ट्याला दिलेली, त्याच वाडीत. एरवी मला याचं काही वाटलं नसतं. त्या दुपारी मात्र मी नमुन्याच्या पिशवीचं सील तपासलं, रजिस्टर चाळलं, फ्रीजची चावी कोणी कधी नेली ते पाहिलं. ते दारातून बघत होते. मग परत गेले.

मी बागायतदाराला फोन लावला. "यंदा फवारणी केली होती ना?"

"केलेली. खोटा कित्याक सांगू? पण फवारणीनंतरचे दिवस मोजलंय, मगेच आंबे काढलंय. कित्या, काय गावला?"

"नाही. काहीच नाही."

"मगे फोन कित्याक केलास?"

सहज केला, म्हणून मी फोन ठेवला. पण संशय गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. स्वच्छ गरात मोजून कीटकनाशक घातलं आणि कोणाला न सांगता स्वतः मशीनवर लावलं. आकडा भरघोस यायला हवा होता. जवळजवळ काहीच आलं नाही. म्हणजे नमुना कोणी बदलला नव्हता. मशीनलाच दिसत नव्हतं.

सहकारी आल्यावर विचारलं, "काल सकाळची मशीनची चाचणी बरोबर आली होती. त्यानंतर काही बदललंत?"

"द्रावकाची बाटली संपली, नवी लावली. फॉर्मिक ॲसिड नव्हतं, म्हणून कपाटातलं ट्रायफ्लुरोॲसिटिक घातलं थोडं." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आलेखातली टोकं बघा ना, किती रेखीव येतायत."

रेखीव होती खरी, पण बुटकी. आमच्या मशीनमध्ये गराचा अर्क द्रावकाबरोबर वाहत येतो आणि सुईच्या टोकावर त्याचा फवारा होतो. थेंब सुकत जातात, त्यातले रेणू विद्युतभार घेऊन बाहेर पडतात. भार नसलेला रेणू मशीनला दिसतच नाही. फॉर्मिक ॲसिड भार मिळायला मदत करतं. हे दुसरं ॲसिड मात्र भारित रेणूला असं चिकटतं की तो भार झाकला जातो. शिवाय नळ्यांमधून ते लवकर निघत नाही. मशीन धुण्यात आमचे चार दिवस गेले.

मग त्या दिवशीचे सगळे नमुने पुन्हा लावले. कट्ट्याच्या आंब्यात अंश होता, मर्यादेच्या खूप खाली. त्याने खरंच दिवस मोजले होते. पण दुसऱ्या एका बागेचा नमुना मर्यादेच्या वर गेला, आणि त्याचा 'स्वच्छ' अहवाल माझ्या सहीने बाहेर पडला होता. त्याच्याबद्दल मला क्षणभरही शंका आली नव्हती. कारण तो बागायतदार माझ्या ओळखीचा नव्हता. मी फोन करून अहवाल मागे घेतला. त्याने मला बरंच सुनावलं, मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी सहकाऱ्यांसमोर जाऊन बसले. "मला वाटलं होतं, तुम्ही नमुना बदललात."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बहिणीमुळे ना?"

"हो."

"ॲसिडची चूक माझी. न विचारता घातलं." त्यांनी डबा पिशवीत भरला. "पण तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

ते अजून इथेच आहेत. त्यानंतर कामापुरतं बोलायचे, व्यवस्थित बोलायचे. त्यापलीकडचं बोलणं परत यायला आंब्याचे दोन मोसम गेले.