दलेंदाबाईचा पांढरा डाव

ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहरातल्या दलेंदाबाईला बुद्धिबळातलं काय डोंबल कळत होतं! पण तिचा मुलगा अनीस इटलीत एका खानावळीत कामाला गेला आणि फोनवर "बरंय, ठीक आहे" एवढ्यावरच आटपू लागला. एका शुक्रवारी सहज दोघांनी आपापल्या पटावर, फोनवरून चाली सांगत डाव मांडला, तर डाव संपेपर्यंत पोरगा बोलत राहिला. पंचाईत एवढीच, की चहा निवायच्या आत बाई हरायची. हरली की फोन बंद.

म्हणून तिनं शेजारच्या हमादीभाऊंना गाठलं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम कॅफेतल्या पटावरच. ते म्हणाले, पाठांतर नको, एकच मांडणी शिक. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं, लगेच शेजारचा उंट बाहेर, मग मागे प्याद्यांचं कुंपण. समोरचा काहीही करो, आपण हेच करायचं.

बाईनं तसंच केलं. अनीसच्या घोड्यानं येऊन उंट गट्टम केला.

हमादीभाऊंनी कपाळाला हात लावला. "घोडा येताना दिसला नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना, तो काहीही करो म्हणून?"

"अगं, पण बघायचं तर असतंच!"

आता हे काय नवीन? बघायचं की नाही बघायचं? बाईचं डोकं पार चक्रावलं. भाऊंनी कडेच्या हत्तीसमोरचं प्यादं एक घर सरकवून उंटाला मागे लपायला जागा करून दिली. का, ते तिला निम्मंच उमगलं. पण हात बसला. डाव लांबू लागले, आणि पोराचं बोलणंही.

परवा तो हळूच सांगत होता, खोली सुटली, खानावळीच्या कोठारातच झोपतो. तेवढ्यात बाईला पटावर मात दिसली. वजीर राजाला भिडवला, मागे उंटाचा आधार, की खेळ खलास. महिनोन्‌महिने याच क्षणासाठी राबली होती ना? मग हात का उचलवेना? तिनं उगाच कोपऱ्यातलं प्यादं सरकवलं.

"आई, मात होती तुझी."

"हो का? दिसलीच नाही बाई."

जिंकायचं सोडून आपण हे काय करून बसलो, भाऊंना काय सांगायचं, तिला काही सुधरेना. मग अनीसनं आपला राजा एक घर बाजूला घेतल्याचं सांगितलं.

"तुझी चाल, आई," तो म्हणाला. "सावकाश खेळ. मला आज घाई नाही."