होडीला आलेला घाम

सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी नवरा डिसेंबरात पुण्याला गेला, तो मार्चमध्ये परत येणार होता. जाताना त्याने माझ्यावर एकच काम टाकलं: होडीचा तळ कोरडा ठेवायचा.

होडी शिडाची, लहानशी, जुनी घेतलेली. तळाच्या खोलगट भागात, जिथे होडीतलं सगळं पाणी शेवटी येऊन साचतं, तिथे एक जाड प्लायवूड आहे. डोलकाठीचा सगळा भार त्याच्यावर येतो. आधीचं कुजलं होतं. नवऱ्याने तीन वर्षं सुट्टीचे शुक्रवार खर्चून नवं बसवलं. तेही कुजलं असतं तर डोलकाठी उभी राहिली नसती आणि पुन्हा तीन वर्षं घालायला तो तयार झाला नसता, हे मला ठाऊक होतं.

खरं तर कुवेतमध्ये हिवाळा हाच समुद्रावर जायचा मोसम. पण तो नसणार म्हणून आम्ही होडी वर काढली, डोलकाठी उतरवली आणि शहराबाहेर अम्गऱ्यातल्या एका आवारात लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवली. एका बाजूला भंगार, दुसऱ्या बाजूला विटांचे ढीग. समुद्र कुठेही दिसत नाही.

मी ऑपरेशन थिएटरची नर्स. पंचवीस वर्षं माझं एकच धोरण: आत काही शिरू द्यायचं नाही. मी यादी केली. केबिनच्या छतावरचं झाकण बंद, खिडक्यांच्या कडांना टेप, तळाचं बूच घट्ट. शिडं आणि दोर आत, वरून ताडपत्री, तीही जमिनीपर्यंत ओढून कडेने वाळूच्या पिशव्या. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण केली, फोटो काढून नवऱ्याला पाठवले. त्याने लिहिलं, "आता हिला टाके कधी घालणार?"

दुसऱ्या शुक्रवारी सलव्यातल्या घरून गाडी काढून गेले. आठवड्यात दोन सरी पडल्या होत्या. तळात दोन मग पाणी होतं. कुठेतरी फट राहिली असणार. स्पंजने पाणी टिपलं, आणखी टेप लावली, आणखी चार पिशव्या ठेवल्या.

तिसऱ्या शुक्रवारी चार मग निघाले. त्या आठवड्यात एक थेंब पाऊस नव्हता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट नव्हतं. होडी जमिनीवर, आभाळ कोरडं, सगळ्या फटी बंद, आणि तळात गोडं पाणी. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. न पटणाऱ्या गोष्टीसमोर मी सहसा थांबत नाही, पण त्या दिवशी पुढे काय करायचं तेच सुचेना.

आवारात लाकडी होड्या दुरुस्त करणारे एक वयस्क सुतार आहेत, रत्नागिरीकडच्या खाडीवरचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी त्यांना बोलावलं. त्यांनी ताडपत्रीची कड उचलली आणि डोकं आत घातलं.

"बाय, ही होडी हाय का लोनच्याची बरनी?"

"पाणी आत जाऊ नये म्हणून केलंय, चाचा."

"आत हायच ते. भायेर कुठनं जानार?" त्यांनी माझा हात धरून छताच्या आतल्या बाजूला टेकवला. तळवा ओला झाला. "घाम आलाय तिला. दिवसा उनात तापते, राती गार पडते. खालची जमीन ओली, दोर ओलं, आन तुमी असं गुंडालून ठेवलंव."

मग त्यांनी प्लायवूडवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. एका कोपऱ्यात टोक किंचित रुतलं.

"आजून जीव हाय त्यात," ते म्हणाले. "पन मार्चपरेंत सुकाय पायजे."

त्यांच्याकडे पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर घेतली की पहिलं बूच काढतात आणि घरात खुंटीला टांगतात. माडाच्या झापांचं छप्पर घालतात, पण दोन्ही टोकं उघडी ठेवतात. "पानी येनारच, बाय. त्याला जायाला वाट ठेवायची. आन वाऱ्याला बी."

मी तिथेच माझी यादी उलटी केली. टेप सोलली, झाकण उघडलं, शिडं आणि दोर घरी नेले. ताडपत्री खालून हातभर वर बांधली. पाणी बुचाच्या भोकाकडे उतरावं म्हणून चाचांनी ठोकळा सारून नाळ, म्हणजे होडीची पुढची बाजू, उचलली, आणि बूच मी स्वतः काढलं. होडीच्या तळाला भोक उघडं ठेवून निघताना टाके न घालता पेशंट सोडल्यासारखं वाटलं.

नंतर तीन शुक्रवार तळात पाणी नव्हतं, पण लाकूड हाताला ओलसर गारच लागत होतं. चौथ्या शुक्रवारी धुकं पडलं. जहऱ्याच्या रस्त्यावर पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. आवारात पोचले तर सगळं ठिबकत होतं. भंगाराच्या पत्र्यांवरून ओघळ चालले होते, विटा काळ्या पडल्या होत्या, ताडपत्रीच्या कडेने पाण्याची झालर लागली होती. पावसाशिवाय, या वाळवंटात, नुसत्या हवेतून एवढं पाणी उतरत होतं. जन्मभर मी हवेला रिकामी समजत आले होते.

आत वाकताना मनात म्हटलं, आता संपलं. तळात हात घातला. भोकाच्या कडेला पाण्याची बारीक रेघ होती, खाली वाळूत जात असलेली. छत ओलसर होतं. प्लायवूडवर तळहात ठेवला, मग कोपऱ्यात, मग पुन्हा सगळीकडे. कोरडं होतं. तोंडावरून वाऱ्याची एक झुळूक गेली, पुढून आत येऊन मागून बाहेर पडणारी.

तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "कोरडं आहे," म्हटलं.

"धुकं आहे ना तिकडे? बातम्यांत दाखवतायत."

"आहे. समोरचं काही दिसत नाही."

"मग नक्की कोरडं?"

"हात ठेवून बसलेय," मी म्हटलं. त्याने फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही, आणि हातही उचलला नाही.