अध्यक्षांच्या वाडीत रुखमाबाई

आत्याबाई फाटकापाशीच चपला काढतील, अंग चोरून बाजूला उभ्या राहतील आणि सुजाता ते बघेल, या एका काळजीनं कौसल्येला कितीतरी दिवस घास गोड लागला नव्हता.

पासष्ट सालच्या हिवाळ्यात मुलींच्या शाळेची सहल निघायची होती. मारेगावपासून जवळच, पूर्वी तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेच्या माजी अध्यक्षांची वाडी. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी विमलताईंनी घर आणि गोठा शाळांना पाहायला मोकळा केला होता. बैठकीतले फोटो, इंजिन बसवलेली विहीर, पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाई. कौसल्या बी.ए. झालेली, त्याच शाळेत शिकवायची. तिची सुजाता पहिलीत. आणि सासूबाई, रुखमाबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणे, सहलीला येणारच म्हणून हटून बसल्या होत्या.

"तुम्ही कशाला, आत्याबाई? जन्म गेला तुमचा तिथं."

"जन्म गोठ्यात गेला व माय. घर कुठी पाह्यलं म्या? ज्याच्या भिंती लिपल्या, ते आतून कसं हाय, मराच्या आधी पाहीन तरी."

लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून रुखमाबाई त्या वाडीवर शेणमाती करत. सारवणाला हात असा, की वाळल्यावर जमिनीवर बोटांच्या कमानी ओळीनं उमटायच्या. तहान लागली की मागच्या दाराच्या दगडाशी उभं राहून हाक द्यायची आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलायचं. छप्पन साली त्या नवऱ्यासोबत, नागोरावांसोबत, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या. आल्या आल्या देव्हाऱ्यातले टाक नाल्यात सोडले आणि वाडीवर निरोप धाडला, उद्यापासून येणार नाही. पुढं लोकांच्या वावरात कापूस वेचून मुलाचं शिक्षण पुरं केलं, शिकलेली सून आणली. "माही सून बी.ए. हाय," त्या गावभर सांगायच्या, "भाकर तेवढी नकाशावानी होते. तोबी वऱ्हाडाचा."

सहलीच्या दिवशी फाटकापाशी रुखमाबाईंनी चपला काढल्या नाहीत. कौसल्येचा जीव भांड्यात पडला. मुलींना रांगेत लावून ती मागं वळली, तर आत्याबाई जागेवर नाहीत.

"आई, आजी तिकडं गेली," सुजातानं बोट दाखवलं.

घराला वळसा घालून, मागच्या दाराकडं. पायांना तेवढीच वाट ठाऊक होती.  कौसल्येला धावत जावंसं वाटलं, पण मुलींची रांग सोडता येईना. बैठकीत हेडमास्तर अध्यक्षांच्या फोटोंविषयी सांगत होते. तिच्या कानात एक शब्द शिरत नव्हता.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला आणि रुखमाबाई बाहेर आल्या. हातात दुधाच्या पेल्यांचं ताट. मागोमाग विमलताई, दुसरं ताट घेऊन, गोंधळलेल्या.

"दारातून हाक देल्ली," रुखमाबाई सुनेला सांगू लागल्या. "आतून आवाज आला, या, आत या. कोण हाय ते आतल्यानं पाह्यलंच नाही. म्या म्हटलं, आपल्यालेच म्हटलं असन. गेली. तं ताई एकट्या, अन् पेले ढीगभर. म्हटलं, द्या इकडं." जन्मभर मालकीणबाई म्हणणाऱ्या तोंडून आज 'ताई' निघालं होतं.

 पेल्याकडं कोणाचा हात जाईना. मुली हेडमास्तरांकडं पाहू लागल्या, हेडमास्तर विमलताईंकडं. कौसल्येला वाटलं, सुजाताला ओढून जवळ घ्यावं. पण ती केव्हाच पुढं झाली होती.

"आजी, मले सायवाला दे."

"नखरे पाहा हिचे!"

मुली खुदकन हसल्या आणि ताटावर झुंबड उडाली. हेडमास्तरांनीही पेला घेतला. शेवटी एकच उरला. विमलताई त्याच्याकडं पाहत राहिल्या, मग उचलून तोंडाला लावला.

सहल निघताना विमलताई फाटकापर्यंत आल्या. "रुखमाबाई, तुमच्यामागं गोठ्याची जमीन तशी सारवणं कोणाला जमलं नाही. एक दिवस येता काय?"

"सारवायले नाही येत. कंबर गेली, अन् ते कामही सोडलं. तुमच्या सुनांले शिकाचं असन तं येतो. पण दुपारचं जेवण घरात. पंगतीत."

विमलताईंनी एकदा मागं घराकडं पाहिलं. मग कौसल्येला म्हणाल्या, "घरात बोलते मी. दोन दिवसांनी पोस्टातून फोन करा मला."

आठवडा उलटला, तरी कौसल्या पोस्टाच्या वाटेला गेली नाही. एका पेल्यावरून काय धरायचं? चारचौघांत विमलताईंना दूध घ्यावंच लागलं असेल. घरात पान मांडणं वेगळं. विमलताई नाही म्हणाल्या, तर आत्याबाईंच्या मनातला तो दिवसच नासायचा.

रुखमाबाई मात्र पांढरं लुगडं धुऊन तयार होत्या. अंगणात नातीचे हात शेणात घालून बोटं कशी फिरवायची ते दाखवत होत्या.

"आजी, तिथं मागच्या दारानं जायचं?"

"कायले? मांगून आत गेली, पुढून बाहेर आली. आता दोन्ही दारं पायाखालची हाय." मग सुनेकडं न बघता म्हणाल्या, "तू काहून भेतं व? नाही म्हणन तं म्हणन. आजवर त्याहीनं नाही म्हणाच्या आधीच आपण मांगं सरलो."

सुजाताच्या हाताखाली ओल्या शेणात एक कमान उमटली होती. वाकडी, पण कमानच.

कौसल्येनं चपला पायात सरकवल्या. पोस्ट बंद व्हायला अजून अवकाश होता. काय बोलायचं तेही आता ठरलं होतं. आम्ही तिघी येतो, ताई, पुढच्या दारानं. तिघींची पानं आत मांडाल ना?