दादाचं रक्त पायात उतरू नये म्हणून

आमच्या आसेगावात तेव्हा विमान कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं, पण विमानात बसायची तालीम मात्र आमच्या खळ्यावर झाली, आणि ती माझ्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, हाताखाली झाली.

झालं काय, आमच्या विठ्ठलदादाला विमानाच्या भरतीचं बोलावणं आलं, नागपूरला. आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, एकच सांगितलं, "पास झाला तं जाय. नापास झाला तं आल्याबरोबर वखर धर!" दादाचा चेहरा उतरला. त्यात शाळेचे मास्तर म्हणाले, विमान झटक्यानं वर गेलं की अंगातलं रक्त पायात उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. आधीपासून शरीराला सवय पाहिजे, पोट-मांड्या आवळून धरता आल्या पाहिजेत.

"मी लावतो सवय!" मी म्हटलं. (माझं शिक्षण चौथी. पण हिंमत मॅट्रिकची!)

पहिल्या दिवशी दादाला खळ्यातल्या मेढीच्या खांबाभोवती बैलासारखं गरागरा पळवलं. त्यानं सकाळची भाकर तिथंच परत केली.

"शांते, मरतो व मी!"

"मर, पण पास होऊन मर!"

मग मी डोकं चालवलं. रक्त खाली उतरते ना? मंग रस्ताच बंद करू! मायचं लाल लुगडं काढलं आणि दादाच्या पोटापासून घोट्यापर्यंत असं करकचून गुंडाळलं की त्याला वाकताही येईना. आता पाहिजे होता झटका. तो आमच्या गोठ्यातच बांधलेला होता : आबांची शंकरपटाची जोडी! शर्यतीचे बैल ते, सुटले की वारा मागं राहायचा. छकड्याला जुंपले. छकडा म्हणजे काय, दोन चाकं अन् मधात बूड टेकायपुरती फळी. दादाला उचलून फळीवर ठेवला.

"हळू सोडजो बरं, शांते."

"हळूच सोडतो. थांब, टोक ढिलं हाय."

लुगड्याचं मोकळं टोक सुटू नये म्हणून मी माझ्या कमरेला गाठ मारून बांधलं, आणि धूळ झटकायला मधला भाग हवेत एकदा फडकावला.

आता पटात लाल झेंडी पडली की बैल सुटतात, हे आमच्या घरच्या मांजरीलाही ठाऊक होतं. पटाच्या घरची पोर मी, मलाच आठवलं नाही!

बैल सुटले!

दादा फळीवर ओंडक्यासारखा आडवा, मी मागं लुगड्याला बांधलेली! चार पावलं पळाले, पुढची जमिनीला लागलीच नाहीत. कशीबशी फळी धरून वर चढले. दादा ओरडत होता, "पोट आवळ, शांते, पोट आवळ!" (शिकवणारी कोण अन् शिकणारा कोण!) गावातून गेलो तेव्हा पारावर आबा उभे राहिले. माय दारातून ओरडली, "माहं लुगडं व!" पोटच्या दोन लेकरांचं तिनं नावही घेतलं नाही.

गावाबाहेर पटाची वाट संपते तिथं बैलांना नेहमी गूळ मिळायचा. तिथं ते टक्कन थांबले. आम्ही नाही थांबलो! सरळ तुरीच्या भुशाच्या, कुटाराच्या ढिगात.

आबा धापा टाकत आले. दादानं लुगडं सोडलं, उठला, सरळ रेषेत चालून दाखवलं आणि म्हणाला, "आबा, अजून एक डाव?" मला मात्र आकाश खाली अन् वावर वर दिसून राह्यलं होतं. मी हात जोडले, "आबा, चुकलं माह्यं!"

"इकडे पाह्य, बाई," आबा मागून म्हणाले. "तो बैल हाय."

नागपूरला दादाला म्हणे खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. तो उतरून ताठ चालला. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कशाचा सराव केला?"

"बहिणीचा," दादा म्हणाला आणि पास झाला.

तेव्हापासून गावानं मला उस्ताद ठरवलं. आणि उस्तादांची आजची गत सांगू? मानोऱ्याच्या बाजाराला जायचं तर एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी. एसटीचा कंडक्टर मला पाहिलं की आधी खिडकीची जागा रिकामी करून देतो. माझ्या वयाचा मान म्हणून नव्हे हो, बाकीच्या प्रवाशांच्या काळजीनं!